वॅगन ओळखणारा आरएफआयडी रीडर मिळत नसेल तर: पर्याय निवडण्यापासून रुळालगत उभा करण्यापर्यंत

रुळालगतचा रीडर, म्हणजे जाणाऱ्या वॅगनवरच्या टॅगमधला क्रमांक रेडिओ लहरींनी वाचणारं यंत्र, बंद पडतो. त्याच मॉडेलची मागणी नोंदवली की उत्तर येतं, "चिप नाहीत, तारीख सांगता येणार नाही." २०२१-२२ च्या सेमीकंडक्टर तुटवड्यात हे अनेकांनी ऐकलं, आणि पुढच्या तुटवड्यातही ऐकू येईल. अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे बाजारात जो रीडर शिल्लक आहे तो आणून जुन्याच्या जागी बसवणं. गोदामात उत्तम चालणारा रीडर धावत्या मालगाडीसमोर साफ निकामी ठरू शकतो. क्वचित असंही होतं की रीडर ठणठणीत असतो, पण वॅगनवरच्या टॅगची पद्धतच त्याला कळत नाही.

म्हणून पर्यायाचा शोध रीडरच्या कॅटलॉगपासून नव्हे, वॅगनवरच्या टॅगपासून सुरू करा. टॅग हजारो वॅगनवर आधीच बसलेले आहेत आणि ते बदलणं तुमच्या हातात नाही. टॅग, त्यानंतर वारंवारिता, मग गाडीचा वेग, मग अँटेना-केबल, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर, या क्रमाने गेलं तर चुकीची खरेदी बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतच अडते.

आधी खात्री करा: बिघाड रीडरमध्येच आहे का?

तुटवड्याच्या काळात ही तपासणी सर्वांत स्वस्त पडते. रुळालगतच्या ठिकाणी कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, उंदरांनी कुरतडलेली केबल, दाबल्या गेलेल्या अँटेना, विजेच्या लाटेने मेलेला वीजपुरवठा हे सगळं "रीडर गेला" या एकाच तक्रारीत जमा होतं.

रीडरच्या पोर्टवरून अँटेना केबल काढा आणि अँटेना अ‍ॅनालायझरने केबलसह अँटेनाचं व्हीएसडब्ल्यूआर (किती शक्ती अँटेनाकडून परत फिरते याचं माप) मोजा. तुमच्या पट्ट्यात ते १.५ च्या आत असेल तर बरं. २ च्या वर गेलं तर आधी कनेक्टर उघडून पाहा. मात्र लांब, पातळ केबल फसवते. तिच्यातच इतका ऱ्हास होतो की टोकाची अँटेना तुटलेली असली तरी मोजमाप चांगलं दिसतं. शंका असेल तर अँटेनाच्या टोकाशी जाऊन पुन्हा मोजा. मग रीडरच्या पोर्टवर एक मीटरची खात्रीची केबल आणि चांगली अँटेना लावून हातात टॅग धरा. टॅग वाचला गेला तर रीडर जिवंत आहे, दोष बाहेर आहे.

वीजही तपासा. साधा पीओई (इथरनेटच्या तारेतूनच दिलेली वीज), म्हणजे ८०२.३ एएफ, उपकरणापर्यंत १२.९५ वॅट पोहोचवतो. पीओई प्लस, म्हणजे ८०२.३ एटी, २५.५ वॅट. स्विच बदलताना कोणी पीओई प्लसच्या जागी साधा पीओई लावला तर बरेच रीडर बंद पडत नाहीत, गुपचूप कमी शक्तीवर चालतात. मग वाचनाचं प्रमाण घसरतं आणि दोष रीडरला जातो.

वॅगनवर कोणता टॅग आहे?

जगातल्या रेल्वे वॅगनवर मुख्यतः दोन घराणी दिसतात आणि ती एकमेकांना अजिबात ओळखत नाहीत.

उत्तर अमेरिकेत एएआर या रेल्वे कंपन्यांच्या संघटनेचं एस-९१८ मानक चालतं. ही पद्धत अ‍ॅमटेक कंपनीच्या टॅगवर उभी आहे आणि आयएसओ १०३७४ शी जुळते. प्रत्येक वॅगनवर दोन टॅग असतात, दोन्ही बाजूंना तिरक्या कोपऱ्यांत एकेक. टॅगमध्ये १२८ बिट असतात आणि त्यांत मालकाची अक्षरं, वॅगन क्रमांक, बाजू, लांबी, अ‍ॅक्सलची संख्या अशी माहिती असते. रीडर फक्त अखंड लहर पाठवतो. टॅग ती २० आणि ४० किलोहर्ट्झच्या ठोक्यांनी परावर्तित करत तीच चौकट पुन्हा पुन्हा सांगत राहतो. एक पूर्ण चौकट जायला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. या पद्धतीत टॅगांची टक्कर टाळणारी यंत्रणा नाही. एकाच वेळी दोन टॅग झोतात आले की दोघांचंही वाचन बिघडतं. म्हणून तिथे शक्ती वाढवणं हा उपाय नसतो. शेजारच्या रुळावरचा टॅग झोतात आला तर उलट नुकसान होतं.

युरोपात आणि भारतात जीएस१ या मानक-संस्थेच्या पद्धतीने जेन-टू टॅग वापरले जातात. हे आयएसओ/आयईसी १८०००-६३ चे टॅग. यात रीडर आणि टॅग यांच्यात रीतसर सवाल-जवाब होतो, टक्कर सांभाळली जाते, आणि बाजारातले बहुसंख्य यूएचएफ (अतिउच्च वारंवारितेचे) रीडर हीच पद्धत जाणतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा: ताफा जेन-टू टॅगचा असेल तर पर्याय भरपूर आहेत. ताफा एस-९१८ चा असेल तर केवळ जेन-टू जाणणारा रीडर, कितीही स्वस्त आणि ताबडतोब मिळणारा असला, तरी घेऊ नका. फर्मवेअर बदलूनही तो कामाचा होत नाही, कारण परावर्तित ठोके उलगडण्याची पद्धतच वेगळी आहे. तिथे दोन्ही पद्धती वाचणारा बहुभाषी रीडर किंवा एस-९१८ साठीच बनवलेला रीडर हेच मार्ग. विक्रेता "यूएचएफ ९०२ ते ९२८, सगळे टॅग वाचतो" असं म्हणाला तर तुमच्या ताफ्यातला खरा टॅग त्याच्याकडे पाठवा आणि वाचलेला डेटा लेखी मागवा. तोंडी आश्वासनावर ऑर्डर देऊ नका.

टॅगवर छापलेला मॉडेल क्रमांक धुळीखाली असतो. ओला कपडा घेऊन जा. निरनिराळ्या मालकांच्या आणि निरनिराळ्या वर्षी बसवलेल्या वॅगनवरच्या टॅगांची नोंद करा. एका जातीचा टॅग चांगला वाचला म्हणून सगळे वाचले जातील असं नाही.

वारंवारिता आणि प्रादेशिक आवृत्ती

अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ. युरोपात आणि भारतात ८६५ च्या पुढचा अरुंद पट्टा. एकाच मॉडेलच्या दोन प्रादेशिक आवृत्त्या बाहेरून हुबेहूब दिसतात, पण आतले फिल्टर वेगळे असतात आणि प्रदेश बहुधा कारखान्यातच कुलूपबंद केलेला असतो. तुटवड्यात वापरलेले रीडर परदेशातून स्वस्तात मिळतात, आणि पैसे नेमके इथे बुडतात. खरेदीपूर्वी मागच्या पट्टीचा फोटो मागवा, पूर्ण पार्ट क्रमांक निर्मात्याच्या कागदाशी ताडून पाहा आणि रीडर कोणत्या प्रदेशावर बांधला आहे ते दाखवणारा सेटिंगचा पडदाही मागवा.

अँटेनाचंही तसंच. ९०२-९२८ साठी बनवलेली अँटेना ८६६ वर चालल्यासारखी वाटते, पण परावर्तन वाढतं आणि पल्ला आखडतो. रुंद पट्ट्याची अँटेना असेल तरच ती दोन्हीकडे वापरा.

परवान्याची एक बाब अमेरिकेत विसरली जाते. तिथल्या रुळालगतच्या जुन्या रीडरांपैकी बरेच एका स्थिर वारंवारितेवर, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमांतील भाग ९० खाली, जागेनिहाय परवान्यावर चालतात. गोदामातला रीडर भाग १५ खाली विनापरवाना, वारंवारिता बदलत बदलत चालतो आणि त्याची मर्यादा १ वॅट अधिक अँटेनाचा ६ डीबीआय लाभ, म्हणजे ४ वॅट ईआयआरपी (अँटेनाचा लाभ धरून बाहेर पडणारी शक्ती). एकाच्या जागी दुसरा ठेवला की कायदेशीर चौकट बदलते आणि परवान्याच्या कागदांनाही हात लावावा लागतो.

वेगाचं गणित

पर्यायी रीडर नाकारण्याचं सर्वांत मोठं खरं कारण इथे असतं, म्हणून इथे घाई करू नका.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. अँटेना टॅगपासून २.५ मीटरवर असेल आणि तिच्या झोताचा कोन ६० अंश असेल, तर टॅगच्या अंतरावर झोत सुमारे २.९ मीटर रुंद. म्हणजे टॅग झोतात राहतो जेमतेम १०४ मिलिसेकंद. कडेला शक्ती कमी पडते, म्हणून त्यातले ७० हाती धरा.

जेन-टूमध्ये मिलर-४ सांकेतिकीकरण (टॅगच्या उत्तराचे बिट मांडण्याची एक पद्धत) आणि २५० किलोहर्ट्झचा परतीचा दुवा असेल तर एका टॅगचा पूर्ण सवाल-जवाब साधारण ४ ते ५ मिलिसेकंदांत होतो. ७० मिलिसेकंदांत दहा-पंधरा वाचनं झाली तर छान. आता रीडरच्या कारखाना-सेटिंगकडे पाहा. गोदामासाठीचे रीडर बहुधा प्रत्येक अँटेनावर बराच वेळ थांबतात. समजा दोन अँटेना आहेत आणि प्रत्येकीवर २०० मिलिसेकंद थांबा आहे. पहिली अँटेना बंद असतानाच्या २०० मिलिसेकंदांत गाडी साडेपाच मीटर पुढे गेली. टॅग आला, गेला, कोणी विचारलंच नाही. चाचणीच्या टेबलावर शंभर टक्के वाचणारा रीडर गाडीसमोर मधले टॅग वगळतो, तो यामुळे.

यासाठी या सेटिंग बदला:

१. प्रत्येक अँटेनाचा थांबा झोतातल्या कमीत कमी वेळेच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी ठेवा. वरच्या उदाहरणात २० मिलिसेकंद. रीडर इतका लहान थांबा स्वीकारत नसेल तर एका बाजूला एक रीडर असे दोन लावा.

२. झोतात एका वेळी एक-दोनच टॅग असतात, म्हणून क्यूचं मूल्य (टॅगांना उत्तरासाठी किती खिडक्या मिळतील ते ठरवणारा आकडा) १ किंवा २ वर स्थिर ठेवा. गोदामासाठीचं ४ किंवा त्याहून मोठं मूल्य रिकाम्या खिडक्यांत वेळ घालवतं.

३. सत्र (उत्तर दिलेला टॅग किती वेळ गप्प राहील ते ठरवणारी सेटिंग) एस-०, फार तर एस-१. एस-२ किंवा एस-३ मध्ये एकदा बोललेला टॅग ऊर्जा मिळत आहे तोवर गप्प राहतो. ते एकच वाचन नेटवर्कमध्ये हरवलं तर दुसरी संधी नाही.

४. फक्त ईपीसी, म्हणजे टॅगचा ओळख-क्रमांक, वाचा. वापरकर्ता-स्मृती वाचण्याचा आदेश चालू राहिला तर प्रत्येक टॅगवर जास्तीचा वेळ जातो आणि अर्धवट वाचनं वाढतात.

युरोपीय नियमांत एका वाहिनीवर अखंड प्रक्षेपण ४ सेकंदांपर्यंत, मग त्या वाहिनीवर १०० मिलिसेकंद विश्रांती अशी अट आहे. रीडरला एकच वाहिनी दिली असेल तर त्या विश्रांतीत अख्खा टॅग निसटू शकतो. किमान दोन वाहिन्या द्या.

एस-९१८ मध्ये गणित आणखी आवळतं. १३ मिलिसेकंदांची एक चौकट म्हणजे त्याच वेगाला सुमारे ३६ सेंटिमीटर. दोन मीटरच्या उपयुक्त झोतात पाच चौकटी मिळतात. तिथे दोन अँटेनांमध्ये वेळ वाटून देणाऱ्या रीडरचा कमाल वेग विक्रेत्याला विचारा आणि तो लेखी घ्या.

शक्ती, केबल आणि अँटेना

रीडर बदलला की शक्तीचा हिशेब नव्याने मांडायचा असतो. युरोपीय मर्यादा २ वॅट ईआरपी (ईआयआरपीसारखंच, पण वेगळ्या संदर्भ-अँटेनाशी ताडलेलं माप), म्हणजे ३३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती). वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या अँटेनासाठी हिशेब असा: रीडरची शक्ती, वजा केबलचा ऱ्हास, अधिक अँटेनाचा लाभ डीबीआयसीमध्ये (अशा अँटेनाच्या लाभाचं एकक), वजा ५.१५.

९ डीबीआयसीची अँटेना आणि १० मीटर एलएमआर-४०० केबल घ्या. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास या केबलमध्ये १० मीटरला सुमारे १.३ डीबी जातात. म्हणून रीडर ३०.४५ डीबीएमवर हवा. केबल तीच लांबीची पण पातळ एलएमआर-२४० असेल तर ऱ्हास २.५ डीबी आणि रीडर ३१.६५ वर हवा. नवा रीडर साध्या पीओईवर ३० डीबीएमच देत असेल तर तुम्ही १.६५ डीबीने मागे पडलात. आरजी-५८ केबल लावण्याचा मोह टाळा. १० मीटरला ती साडेचार-पाच डीबी गिळते. चांगली केबल मिळत नसेल तर रीडरच अँटेनाजवळ न्या आणि इथरनेटची तार लांबवा. ती १०० मीटरपर्यंत चालते.

मर्यादेइतकी शक्ती पोहोचली तर टॅगपाशी काय उरतं? ८६६ मेगाहर्ट्झवर अडीच मीटरचा मोकळ्या हवेतला ऱ्हास ३९ डीबी. ३३ डीबीएम ईआरपी म्हणजे सुमारे ३५ डीबीएम ईआयआरपी; त्यातून ३९ गेले की टॅगपाशी उणे ४ डीबीएम. धातूवर बसवलेल्या टॅगची संवेदनशीलता उणे १६ असेल तर हाताशी १२ डीबी. कोळशाची धूळ, बर्फ, वाकडा बसलेला टॅग, झोताची कड हे सगळं याच बारामधून वजा होतं. सहापेक्षा कमी उरत असतील तर ठिकाण बदला, अँटेना जवळ आणा. जवळ आणताना रुळाभोवतीची मोकळी ठेवायची हद्द ओलांडायची नाही. ती हद्द रेल्वेच्या आराखड्यावरून घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका. आणि रुळालगत काम करण्याची परवानगी व संरक्षण मिळाल्याशिवाय खांबाला हात लावू नका.

कनेक्टरची एक बारीक गोष्ट. बऱ्याच व्यापारी रीडरवर उलट ध्रुवीयतेचा टीएनसी असतो, तर जुन्या रुळालगतच्या अँटेनावर एन प्रकारचा. साधा टीएनसी आणि उलटा टीएनसी यांची आटी सारखी असल्याने ते एकमेकांवर फिरतात, घट्टही बसतात, पण मधली पिन भोकात बसतच नाही. अ‍ॅडॉप्टर मागवताना पिन की भोक हे स्पष्ट लिहा. काही रीडर अँटेना जोडली आहे का हे डीसी रोधावरून ओळखतात. जुन्या अँटेनात तो रोध नसेल तर पोर्ट "जोडलेलं नाही" असं दाखवतो. ही तपासणी बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे का ते घेण्याआधी पाहा.

अँटेना वॅगनच्या सपाट बाजूला अगदी काटकोनात रोखू नका. धातूच्या भिंतीवरून परत आलेली लहर रीडरचाच कान बधिर करते. पाच ते दहा अंश कलती ठेवा. रुळाच्या दोन्ही बाजूंना अँटेना असतील तर त्या समोरासमोर नकोत. दोन वॅगनमधल्या फटीतून एकीचा झोत थेट दुसरीत शिरतो. रुळाच्या दिशेने काही मीटर पुढेमागे सरकवा आणि दोन रीडर असतील तर वाहिन्या वेगळ्या द्या.

पर्याय कुठून मिळवायचे

या क्रमाने जा. प्रत्येक पायरी आधीपेक्षा महाग आणि धोक्याची आहे.

स्वतःचा साठा आधी. कमी वर्दळीच्या मार्गावरचा, चाचणीघरातला किंवा बंद झालेल्या फाट्यावरचा रीडर महत्त्वाच्या जागी हलवा. दोन रीडरच्या ठिकाणी वेग कमी असेल, उदाहरणार्थ वजनकाट्यापाशी, तर एका रीडरवर दोन्ही बाजू चालवता येतात आणि दुसरा मोकळा होतो. ताशी १० किलोमीटरला वरचं थांब्याचं गणित अगदी सैल होतं.

मग दुरुस्ती. रीडरमध्ये मरतात ते बहुधा वीजपुरवठ्याचे भाग, इथरनेटचा ट्रान्सफॉर्मर आणि पोर्टजवळचे संरक्षक घटक. मुख्य आरएफआयडी चिप क्वचित जाते. चांगलं दुरुस्ती केंद्र दोन मृत रीडरमधून एक जिवंत उभा करू शकतं.

त्यानंतर त्याच निर्मात्याचं दुसरं मॉडेल. सॉफ्टवेअरला कमी त्रास, अँटेना-पोर्ट बहुधा सारखे.

मग दुसरा निर्माता. इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका: आत आरएफआयडी चिप कोणती आहे? बरेच निर्माते इम्पिंज या कंपनीच्या एकाच चिपवर, जसं की जुनी आर२००० किंवा नवी ई७१०, आपापले रीडर बांधतात. तुमचा रीडर ज्या चिपसाठी अडलाय, त्याच चिपवर दुसऱ्या नावाचा रीडर असेल तर तोही लवकरच अडेल. हा धोका टाळायला वेगळ्या चिपवरचा पर्याय यादीत हवा. दुसरा प्रश्न: दिलेली तारीख तयार मालाची की वाटपाची? "शेल्फवर आहे, अनुक्रमांक हे" असं उत्तर आलं तरच तारीख खरी धरा.

शेवटची पायरी मॉड्यूल: औद्योगिक संगणकाला आरएफआयडी मॉड्यूल जोडून स्वतः रीडर बांधणं. हे जमतं, पण प्रमाणपत्र, उष्णता, लाटसंरक्षण आणि फर्मवेअर सगळं तुमच्या गळ्यात पडतं. दोन-चार जागांसाठी करू नका. खुल्या बाजारातून सुट्या चिप घेऊन बोर्ड बनवायचा विचार असेल तर नकली मालाची तपासणी खर्चात धरा; तुटवड्यात पुन्हा छाप मारलेल्या चिप सर्रास फिरतात.

पेटी, वीज आणि सिग्नल

व्यापारी रीडरची मर्यादा बहुधा उणे २० ते अधिक ५० किंवा ५५ अंश सेल्सिअस असते. उन्हातली बंद लोखंडी पेटी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच तापते. दुहेरी छत, पांढरा रंग, रीडर धातूच्या पाटीवर घट्ट. पंखा हा शेवटचा उपाय, कारण तो धूळ ओढतो. थंड प्रदेशात थर्मोस्टॅटवरचा हीटर द्या आणि पेटी ठरावीक तापमानाला आल्यावरच रीडरला वीज मिळेल अशी जोडणी करा. युरोपीय चौकटीत रुळालगतच्या उपकरणाला ईएन ५०१२१-४ हे विद्युतचुंबकीय मानक लागू होतं. गोदामातल्या रीडरकडे ते प्रमाणपत्र सहसा नसतं, त्यामुळे लाटसंरक्षण तुम्हालाच द्यावं लागतं: अँटेनाच्या तारेवर वायूनळीचा अरेस्टर, इथरनेटवर वेगळा, आणि सगळ्यांची भूजोडणी एकाच पट्टीवर. विद्युतीकृत मार्गावर भूजोडणी कुठे करायची हे रेल्वेच्या विद्युत विभागानेच ठरवायचं.

चाक-सेन्सर रीडरच्या डिजिटल इनपुटला जोडलेला असेल तर व्होल्टेज पाहा. जुना रीडर २४ व्होल्ट झेलत होता म्हणून नवाही झेलेल असं नाही. काही रीडरचं इनपुट ५ व्होल्टचं असतं आणि पहिल्याच चाकाला जळतं. मध्ये ऑप्टो-आयसोलेटर ठेवा.

सॉफ्टवेअर: "एलएलआरपी आहे" एवढं पुरत नाही

एलएलआरपी हे जेन-टू रीडरशी बोलण्याचं खुलं मानक, टीसीपी पोर्ट ५०८४. ते असेल तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं निर्मात्यांच्या खास जोडण्यांत अडकतं. गाळणी, आपोआप सुरू होणं, थांब्याची सेटिंग हे बऱ्याचदा मानकाबाहेर असतं.

या चार गोष्टी आधी तपासा. वेळ: एलएलआरपीत वेळ जागतिक घड्याळाचा किंवा रीडर चालू झाल्यापासूनचा, असा दोन प्रकारे येऊ शकतो. घड्याळ नसलेला रीडर दुसरा देतो, आणि तुमचं सॉफ्टवेअर ती वेळ १९७० सालची समजतं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) लावा. ताशी १०० च्या वेगाला एका सेकंदाची चूक म्हणजे २७.८ मीटर, दोन वॅगनची अदलाबदल. पोर्टचे क्रमांक: कुणी ० पासून मोजतं, कुणी १ पासून. डावी-उजवी उलटली की सगळ्या वॅगन उलट्या तोंडाने नोंदल्या जातात आणि एकूण संख्या बरोबर असल्याने चूक आठवडे लपते. पुनरावृत्ती: गाडी झोतात थांबली, मागे सरकली, पुन्हा पुढे आली, तर तोच टॅग शेकडो वेळा येतो. गाळणी वेळेवर नव्हे, अ‍ॅक्सलच्या मोजणीवर आणि दिशेवर बांधा. क्रमांक: ईपीसीचे बिट उलगडून निघालेला वॅगन क्रमांक तपासअंकाने पडताळा. युरोपीय क्रमांक १२ अंकी, भारतीय ११ अंकी; दोन्हींत शेवटचा अंक तपासणीचा.

एस-९१८ च्या ठिकाणी पुढची यंत्रणा बहुधा टी-९४ स्वरूपातल्या अहवालाची वाट पाहते. नवा रीडर नुसते टॅग देत असेल तर अ‍ॅक्सल, वेग आणि टॅग जुळवून तो अहवाल बनवणारा संगणक मध्ये लागेल. त्याची किंमत आणि वेळ रीडरच्या खर्चात धरा.

तोपर्यंत काय?

रीडर येईपर्यंत जागा आंधळी ठेवायची गरज नाही. चाक-सेन्सर चालू असेल तर अ‍ॅक्सलमधल्या अंतरांचा नमुना मागच्या ठिकाणच्या वॅगन-यादीशी जुळवता येतो. वाटेत गाडी तोडली-जोडली गेली नसेल तर हे आश्चर्यकारक चांगलं चालतं. कॅमेऱ्याने क्रमांक वाचणं हाही पर्याय. ताशी ६० ला चित्र २ मिलिमीटरपेक्षा जास्त पुसट नको असेल तर शटरची उघडझाप सुमारे १/८००० सेकंद हवी, म्हणजे रात्री जोरदार प्रकाश लागतो, आणि तो चालकाच्या डोळ्यांत जाता कामा नये. हातातला रीडर उभ्या गाडीपुरताच.

स्वीकारण्यापूर्वी

जुना रीडर एखाद्या ठिकाणी अजून चालत असेल तर नवा त्याच्या शेजारी लावा, वेगळ्या वाहिनीवर, आणि दोघांची नोंद प्रत्येक गाडीसाठी ताडून पाहा. दोघांनाही न दिसलेला टॅग बहुधा तुटलेला किंवा हरवलेला. फक्त नव्याला न दिसलेला टॅग हा नव्याचा दोष. हे दोन आकडे वेगळे ठेवले नाहीत तर वाद संपत नाही.

किती गाड्या पुरेशा? एकही टॅग न चुकता ३००० टॅग वाचले गेले, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की चुकण्याचं प्रमाण हजारात एकापेक्षा जास्त नाही. ६०० टॅग वाचून फक्त "हजारात पाचपेक्षा जास्त नाही" एवढंच म्हणता येतं. एका दिवसाच्या चाचणीवर ९९.९ टक्क्यांचा दावा करणाऱ्याला हे गणित दाखवा. चाचणीत सर्वांत वेगवान गाडी, सर्वांत जुने टॅग, पाऊस आणि दुपारचं ऊन हे सगळं यायला हवं. दोन बाजूंची आकडेवारी वेगवेगळी काढा. प्रत्येक बाजू ९८ टक्के असेल तर दोन्ही चुकण्याची शक्यता दहा हजारात चार निघते, पण दोन्ही बाजू एकाच रीडरवर किंवा एकाच वीजपुरवठ्यावर असतील तर हा गुणाकार खोटा ठरतो.

झोताच्या कडेला एक कायमचा तपासणी-टॅग बसवा आणि गाडी नसताना तो ठरावीक वेळाने वाचला जातो का पाहा. त्याचा क्रमांक गाळणीत टाकायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक गाडीत एक जास्तीची वॅगन दिसेल. त्याची सिग्नल-ताकद रोज नोंदवा. काही आठवड्यांत तीन डीबी घसरली तर कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय.

जागा चालू झाली की रीडरची संपूर्ण सेटिंग फाइल, फर्मवेअरची आवृत्ती, पार्ट क्रमांक, केबलची लांबी आणि प्रत्येक पोर्टची बाजू एका पानावर लिहून एक प्रत पेटीत आणि एक कार्यालयात ठेवा. दहा ठिकाणांमागे किमान दोन रीडर सेटिंग भरून, चालवून पाहून, सुटे ठेवा. काढलेले मृत रीडर भंगारात टाकू नका; त्यांचे बोर्ड पुढच्या दुरुस्तीचा कच्चा माल आहेत.